आधी गार करा, मग गाडीत घाला

पत्र

डॉक्टर, आम्ही अकोला जिल्ह्यातले. पाच एकर कोरडवाहू. मे महिन्यात वखरणीआधी धसकटं वेचायचं काम चालू होतं. सासरे 62 वर्षांचे, त्यांना बीपीची गोळी आहे. एका दुपारी ते निंबाखाली येऊन बसले. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, अंग घामानं चिंब आणि हात थंडगार. पाणी दिलं, कैरीचं पन्हं दिलं, संध्याकाळपर्यंत बरे झाले.

चार दिवसांनी धाकटे दीर पडले. वय 27, पुण्याला कंपनीत कामाला. सुट्टीत आले होते, मदत करतो म्हणून शेतात यायचा त्यांचा तिसराच दिवस. आधी चिडचिड करू लागले, मग भलतंच बोलू लागले. मला ओळखेनात. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घाम वाहत होता. मी घागर उचलली तर सासरे ओरडले, "गरम आंगावर गार पानी टाकू नोको, लकवा मारते!" शेजारचे काका म्हणाले, "घाम सुटून रायला ना, मंग ऊन नाई लागलं. बाहेरचं असंन काही." कांदा फोडून नाकाला लावला, तळपायाला चोळला. शेवटी मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून 18 किलोमीटरवर नेलं. पाच दिवस दवाखान्यात होते. किडनीवर परिणाम झाला होता, आता सुधारणा आहे.

माझे प्रश्न. सासऱ्यांना झालं ते आणि दिरांना झालं ते एकच होतं का? मी पाणी टाकलं असतं तर खरंच लकवा मारला असता का? आणि दीर म्हणतात मृगाच्या पेरणीला येतो. येऊ द्यावं का?

— वऱ्हाडातली एक सून

उत्तर

ताई, मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. नाही, लकवा मारला नसता. तुमच्या हातातली ती घागर हेच त्या वेळी शेतात असलेलं एकमेव औषध होतं.

सासऱ्यांवर रागावू नका. हा समज मी तीस वर्षं ऐकते आहे आणि तो कुठून आला असावा हेही मला कळतं. उष्माघातात मेंदूच शिजायला लागतो. माणूस लुळा पडतो, बोबडं बोलतो, झटके येतात. कुणीतरी अशा माणसावर उशिरा पाणी ओतलं असणार, तो तरीही वाचला नसणार, आणि गावानं दोष पाण्याला दिला. मला सांगायचं आहे ते असं, की अशी चूक फक्त गावात होत नाही. मी नोकरीला लागले त्या पहिल्या उन्हाळ्यात एका ग्रामीण दवाखान्यात वीटभट्टीवरच्या एका मजुराला आणलं होतं. आम्ही सलाइन लावलं, तापाचं इंजेक्शन दिलं, वर पंखा सोडला आणि ताप उतरायची वाट पाहत बसलो. कोरड्या चादरीवर, कोरड्या अंगानं. तो वाचला नाही. बाहेर पाण्यानं भरलेली टाकी होती. ती टाकी मला अजून दिसते.

आता तुमचा पहिला प्रश्न. गोंधळाचं मूळ आपल्या भाषेत आहे. "ऊन लागलं" हा एकच शब्दप्रयोग आपण डोकेदुखीपासून मरणापर्यंत सगळ्याला वापरतो. सासऱ्यांना "ऊन लागलं" आणि दिरांनाही "ऊन लागलं". पण ते दोन वेगळे टप्पे होते.

सासऱ्यांचा होता उन्हाचा थकवा. डॉक्टरी भाषेत हीट एक्झॉशन. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं, रक्ताचं प्रमाण उतरलं, हृदयाची ओढाताण झाली. म्हणून चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे, थंड ओलसर कातडी. पण ते शुद्धीत होते, तुमच्याशी नीट बोलत होते, दिलेलं पन्हं स्वतःच्या हातानं प्यायले. दिरांचा होता उष्माघात, म्हणजे हीट स्ट्रोक. यात शरीराच्या आतलं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे 104 फॅरनहाइटच्या वर जातं आणि मेंदूचा ताळमेळ सुटतो. त्यानंतर यकृत, मूत्रपिंड, स्नायू, रक्त गोठण्याची क्रिया असं एकेक हातचं जाऊ लागतं.

शेतात थर्मामीटर नसतो, आणि असला तरी काखेत लावलेला घरगुती थर्मामीटर अशा वेळी कमीच दाखवतो. त्याच्यावर विसंबू नका. मी एकच कसोटी सांगते: डोकं ठिकाणावर आहे का? नाव विचारा, गाव विचारा, आज वार कोणता ते विचारा. उत्तर चुकलं, जीभ जड झाली, चालताना झोक गेला, विनाकारण चिडला, शिवीगाळ करू लागला, पेंगुळला किंवा झटका आला, आणि माणूस उन्हातून किंवा उकाड्यातून आलेला आहे, तर तो उष्माघातच धरायचा. पुढे दवाखान्यात साखर कमी झाली होती असं निघालं किंवा मलेरिया निघाला, तरी गार केल्यानं तुमचं काही बिघडलेलं नसेल. दीर आधी चिडचिड करू लागले असं तुम्ही लिहिलंत. ती चिडचिड हीच पहिली घंटा होती. शांत माणूस दुपारी एक वाजता शेतात भांडायला लागला तर आधी त्याला सावलीत घ्या, भांडण नंतर.

काकांच्या घामाबद्दल. "उष्माघातात घाम थांबतो" हे अर्धंच खरं. घराच्या टिनाखाली दोन-तीन दिवस तापत पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं अंग बऱ्याचदा कोरडं असतं. पण जो जवान माणूस काम करता करता पडतो, त्याला दरदरून घाम असू शकतो. घाम दिसला म्हणून बिनघोर राहिल्यामुळे माणसं दगावली आहेत.

हे नीट कळायला माठाकडे पाहा. माठ पाझरतो, वरचं पाणी उडून जातं, जाताना आतली उष्णता घेऊन जातं. आपलं शरीर तसाच माठ आहे. नुसता घाम आल्यानं अंग गार होत नाही, तो वाळला तर होतं. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही, कारण हवाच ओली असते. म्हणून कोकणात आणि मुंबईकडे पारा आपल्याइतका न चढताही माणसं पडतात. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर 14 जण उष्माघातानं गेले. तिथं काही आपल्यासारखे 45 अंश नव्हते. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार करायला मैदानी भागासाठी 40 अंशांचा आणि किनारपट्टीसाठी 37 चा उंबरठा धरतं, ते याचसाठी. तुमचे कुणी नातेवाईक रत्नागिरी-पनवेलकडे असतील आणि "आमच्याकडे कुठं एवढं ऊन" म्हणत असतील, तर त्यांना हे सांगा.

आता दिरांच्या वेळी काय करायला हवं होतं. हे पुन्हा कधी वापरावं लागू नये, पण लागलं तर हातपाय आपोआप हलले पाहिजेत, म्हणून सविस्तर लिहिते.

एकानं 108 ला फोन लावायचा. त्याच क्षणी बाकीच्यांनी माणसाला सावलीत ओढून कपडे उतरवायचे. लाजायची वेळ नाही, चड्डी-बनियन पुरे. मग पाणी. भरपूर, सगळ्या अंगावर, डोक्यापासून, थांबू नका. जेवढं गार असेल तेवढं चांगलं. बर्फ असेल तर उत्तम, नसेल तर विहिरीचं किंवा बोअरचं चालेल. एक सावधगिरी: उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी उकळत असतं, ते वाहू द्या, हातावर पाहून मग माणसावर सोडा. आणि फवारणीचा पंप किंवा औषध कालवायचा ड्रम चुकूनही वापरू नका. मला हे लिहावं लागतंय कारण शेतात हाताशी नेमकं तेच असतं.

तुमच्याकडे ताडपत्री असेलच. तिच्यात माणसाला ठेवायचं, चौघा-पाचांनी कडा उचलून झोळी करायची, आत सापडेल तेवढं गार पाणी ओतायचं आणि हळूहळू झोके देत राहायचं, म्हणजे अंगालगतचं गरम झालेलं पाणी हलत राहतं. हा माझा जुगाड समजू नका. मॅरेथॉनच्या मैदानावर आणि सैन्यात ही मान्य पद्धत आहे. डोकं कायम पाण्याच्या वर, एकानं काखेतून धरून ठेवायचं. गुरांचं टाकं जवळ असेल तर त्यातही बसवता येतं, पण तेव्हाही मागून घट्ट धरणारा माणूस हवा.

एवढे हात नसतील, किंवा पडलेला माणूस म्हातारा अथवा हृदयाचा असेल, तर सतत ओलं करायचं आणि सतत वारा घालायचा. दुपट्टा, सुपडं, घमेलं, पुठ्ठा, काहीही. ओलं आणि वारा ही जोडी आहे. यातलं एक सुटलं की काम अर्धं होतं. बाहेर 44 अंश असताना कोरड्या अंगावर घातलेला वारा तर उलट तापवतो. मोटरसायकलवर झालं ते हेच, ताई. दोघांच्या मधे, कोरड्या अंगानं, गरम झळांमधून 18 किलोमीटर. तुमच्या घरच्यांनी जीव तोडून नेलं, ते मला दिसतंय. पण आधी पंधरा-वीस मिनिटं गार केलं असतं तर किडनीपर्यंत कदाचित गेलं नसतं. माणूस पडल्यापासून अर्ध्या तासात आतलं तापमान खाली आणता आलं तर बहुतेक जण वाचतात. म्हणून गाडी आली नसेल तोवर गार करत राहा, आणि गाडीत घातल्यावरही ओल्या चादरी, उघड्या खिडक्या, मिळाला तर मानेला, काखेत आणि जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ.

थांबायचं कधी? माणूस कुडकुडायला लागला किंवा ओळखीनं बोलू लागला की पाणी ओतणं थांबवा. दवाखान्यात मात्र न्यायचंच. बरं वाटतंय म्हणून घरी ठेवायचं नाही, कारण मूत्रपिंड आणि यकृत एक-दोन दिवसांनी बोलायला लागतात. तुमच्या दिरांची लघवी पहिल्या दिवशी काळ्या चहासारखी झाली होती का, हे मला विचारायचं होतं. तापलेल्या स्नायूंचा चुरा रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतो, त्याची ती खूण असते.

बेशुद्ध किंवा गोंधळलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, पन्हं नाही, ओआरएस नाही, ते थेट फुप्फुसात जातं. ओकारी येत असेल तर कुशीवर वळवा. झटका आला तर नाकाला चप्पल नको, दातांत चमचा नको.

आणि तापाची गोळी नको. घरोघरी पॅरासिटामॉल असतं आणि अंग गरम दिसलं की हात तिकडेच जातो. तापात शरीरानं स्वतःच आपली चूल वाढवलेली असते. गोळी तिला कमी व्हायला सांगते. उष्माघातात चूल बाहेर पेटलेली आहे आणि आतला कामाचा जाळ वेगळा. गोळीला ऐकणारं तिथं कुणी नसतं, आधीच पोळलेल्या यकृतावर मात्र भार पडतो. मी इंजेक्शन देऊन वाट पाहिली होती ती हीच चूक.

कांद्याचं काय? खिशातला कांदा ऊन अडवत नाही आणि तळपायाला चोळलेला कांदा फक्त वेळ खातो. भाकरीसोबत तो खावा, मी पण खाते. पन्ह्याला मात्र माझी पूर्ण मान्यता आहे. पाणी, साखर आणि मीठ, उन्हाच्या थकव्याला हेच हवं. मीठ घातलेलं ताकही तसंच.

तर सासऱ्यांच्या बाबतीत तुम्ही जे केलंत ते बरोबरच होतं. त्यात थोडं जोडा: आडवं करून पाय उशीवर घ्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, आणि घोट घोट पाजा. पाकिटातलं ओआरएस पूर्ण एक लिटर पाण्यात कालवायचं, अर्धी पुडी ग्लासात टाकून नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. अर्ध्या तासात उतार पडला नाही, ओकाऱ्या थांबल्या नाहीत किंवा बोलणं बिघडलं, तर दवाखाना. उतार पडला तरी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी शेत बंद.

त्यांच्या बीपीच्या गोळीचं बघा. काही गोळ्या लघवी वाढवतात, काही हृदयाचा वेग आवरतात. दोन्हींमुळे उन्हात शरीराला सावरणं जड जातं. स्वतः बंद करू नका, पण फाल्गुन-चैत्रात एकदा डॉक्टरांकडे चिठ्ठी घेऊन जा आणि सरळ विचारा, "उन्हाळ्यात हाच डोस ठेवायचा का?" मानसिक आजाराच्या काही गोळ्या आणि दारू, यांनीही धोका वाढतो.

दिरांनाच का झालं, तुम्हाला रोज उन्हात राहून का नाही, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात आला असेल. सवय. उन्हात रोज काम करणाऱ्याला आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर फुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. एसीत बसणाऱ्याकडे यातलं काही नसतं, आणि वय 27 असल्यामुळे थांबावंसंही वाटत नाही. नव्या माणसानं पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्साच करावा, मग रोज तेवढाच वाढवत न्यावा, असा बाहेरच्या देशांतल्या कामगारांसाठीचा हिशोब आहे. तो मला पटतो. तेंदूपत्त्याला, वीटभट्टीला, भुईमूग काढायला जाणाऱ्या नव्या पोरांनाही तोच लागू पडतो.

बायांबद्दल एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. शेतात आडोसा नसतो म्हणून कितीतरी जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. घरच्यांना वाटतं बाई काटक आहे. ती काटक नाही, ती लघवी दाबून आहे. चार बांबू आणि जुन्या साड्यांचा आडोसा उभा करायला अर्धा तास लागतो. तो सासऱ्यांकडूनच करून घ्या. दिवसातून लघवी फिक्या रंगाची होते आहे ना, एवढं प्रत्येकीनं पाहावं. तहानेवर जाऊ नका, तहान उशिरा लागते. उलट नुसतं साधं पाणी तांब्यावर तांब्या ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन त्यानंही माणूस बरळू शकतो, म्हणून सोबत ताक, पन्हं, चटणी-भाकर काहीतरी पोटात असावं.

घरातल्या म्हाताऱ्यांकडेही लक्ष ठेवा. टिनाच्या खोलीत दुपारभर पडलेली आजी उन्हात गेलीच नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणाला शंका येत नाही. कूलर असेल तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो. आणि पाणी भरताना प्लग काढा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागलेलं कुणीतरी येतंच.

राहिला मृगाचा प्रश्न. नाही, या वर्षी दिरांना शेतात उतरू देऊ नका. एकदा उष्माघात होऊन गेला की काही आठवडे, कधी काही महिने शरीराला उष्णता आधीसारखी झेलता येत नाही, आणि दुसरा झटका पहिल्यापेक्षा सहज येतो. पाऊस लांबला तर मृगातलं ढगाळ उकाड्याचं ऊन मे अखेरच्या नवतप्यापेक्षा वाईट, माठाचं सांगितलं ते आठवा. त्यांना गावाला येऊ द्या, पण काम सावलीतलं द्या: बियाण्याच्या पिशव्या, खताचा हिशोब. त्याआधी मूत्रपिंडाची आणि यकृताची रक्ततपासणी पुन्हा करून घ्या, आणि डॉक्टरांनी मोकळं केल्यावरसुद्धा सुरुवात सकाळच्या तासाभरानंच. ऐकत नसतील तर डिस्चार्जच्या कागदावरचा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा त्यांच्यासमोर ठेवा. कंपनीतला माणूस आहे, आकड्याचं तरी ऐकेल.